झिणकीची मोजणी

"घाटगे, किती?"

"चाळीसच्या वर, सर."

"किती?"

"चाळीसच्या वर!"

धुरी सर मोठ्यानं हसले. मोजणी संपली की ते नेहमी छत्री उघडून मिटायचे, पाऊस असो वा नसो. तशी त्यांनी ती मिटली आणि म्हणाले, "माझ्या अकरा भरल्या. अगं, रातकिडे, नाकतोडे, बेडूक, जो ओरडेल त्याला तू झिणकी म्हणायला लागलीस, तर उद्या खैरवळातली कोंबडीसुद्धा आपल्या तक्त्यात येतील. कान अजून कच्चा आहे तुझा."

मी खाली मान घातली. तेव्हा मी नुकतीच एम.एस्सी. होऊन कागलहून कोकणात आले होते आणि माझं सगळंच कच्चं होतं. शेवाळलेल्या कातळावर चालताना मी दिवसाला दोनदा तरी आपटायची. कान तेवढा पक्का असेल असं मानायला काही कारण नव्हतं.

आम्ही खैरवळच्या सड्यावर उभे होतो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट कातळी माथा. आमच्या देशावर असली जमीन कुणी आंदण दिली तरी घेणार नाही. पण भाद्रपदात त्याच कातळावर बोटभर गवत उगवतं, खळग्यांत पाणी साचतं आणि निळ्याजांभळ्या फुलांमुळे पाय टाकायला जागा उरत नाही. त्या गवतात झिणकी राहायची. तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी किडा. दिवेलागणीच्या सुमारास नर पंखावर पंख घासून मादीला साद घालायचा. चांदीची बारीक साखळी ताटलीत सोडावी तसा आवाज. हा किडा वेगळा आहे, आणखी कुठं सापडत नाही, हे पहिल्यांदा सरांच्या लक्षात आलं होतं. तालुक्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. तरुणपणापासून दर भाद्रपदात ते सड्यावर यायचे. कातळावर चुन्यानं खुणा केलेल्या जागी उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि नुसत्या कानानं मोजायचे. त्या मोजणीचा तक्ता त्यांच्या पडवीत भिंतीला लावला होता. शेजारच्या डोंगरावर चिरेखाण सुरू झाली त्या वर्षापासून त्याची रेघ उतरत उतरत पार तळाला आली होती.

निवृत्तीनंतर त्यांना लहानसं अनुदान मिळालं आणि त्यातून मी मदतनीस म्हणून आले. त्याच वर्षी खैरवळच्या सड्यावरही चिरेखाण मागणारा अर्ज आला होता. गणपती गेले की गावच्या शाळेत जनसुनावणी होती.

गावाच्या बाजूनं धावपळ करायचा शाणू गावकर. वय पन्नाशीचं, अंगकाठी वेताची, आणि जीभ तिखट. सड्यावर मुरलेलं पाणी खाली त्याच्या वाडीच्या झऱ्याला येतं, सडा कापला की झरा गेला, एवढं साधं गणित तो गावभर सांगत फिरायचा. पण आधीच्या एका बैठकीत सरकारी साहेबांनी त्याला विचारलं होतं, झऱ्याचं मोजमाप कुणी ठेवलंय का? पाणी कधी कुणी मोजतं का! मोजलेली अशी गोष्ट गावात एकच होती, आणि ती धुरी सरांच्या भिंतीवर होती.

"सर, तुमची ती झिणकीच आता आमका वाचवतली," तो म्हणायचा. "वाघ नाय वाचवणा, कोल्हो नाय वाचवणा. तांदळाच्या दाण्याएवढो किडो वाचवतलो. देवाची करणी आणि नारळात पाणी."

मी सरांच्याच घरी राहायची. काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, मला स्वतःच्या मुलीसारखं वाढायच्या आणि स्वतःच्या मुलीसारखंच बोलायच्या. घरात सगळे मोठ्यानं बोलत. मला वाटायचं, कोकणात असंच असेल. काकी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, सर पडवीतून ओरडायचे, आणि दोघांचं अगदी छान चाललेलं असायचं.

आपला कान पक्का करायचा म्हणून मी जिद्दीला पेटले. रोज संध्याकाळी सरांच्या बरोबर उभी राहायची आणि रोज माझा आकडा त्यांच्या तिप्पट-चौपट निघायचा. सर चिडत नसत. "होईल, होईल," म्हणायचे. पण मोजणी संपल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मला बघवायचं नाही. रिकाम्या घरातून बाहेर पडलेल्या माणसासारखे ते सडा उतरायचे. एकदा म्हणाले, "पूर्वी इथं उभं राहिलं की डोकं दुखायचं, घाटगे. इतका कल्लोळ असायचा. आता ऐकायला जीव गोळा करावा लागतो." मला त्यांची फार दया आली. त्या क्षणी माझ्या कानात नुसता कल्लोळ चालू होता, आणि हे सगळे दुसरेच किडे आहेत असं मी स्वतःला बजावत होते.

शेवटी मी एक युक्ती काढली. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. एका संध्याकाळी मी तो गवतात ठेवला आणि एका झिणकीच्या अगदी जवळ, डोळ्यांनी बघून, खात्री करून आवाज भरून घेतला. घरी जाऊन सरांना ऐकवायचा, ही झिणकी की नाही विचारायचं, आणि एकदाचा कान पक्का करून टाकायचा.

पडवीत सर चहा घेत बसले होते. काकी उंबऱ्याशी वाल सोलत होत्या. मी टेप टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि आवाज पूर्ण मोठा केला. त्या एका किड्यानं पडवी भरून टाकली.

"गो बाय माझे! ता बंद कर आधी," काकींनी वालाचे हात कानांवर ठेवले. "कानठाळ्यो बसल्यो माझ्यो!"

सर माझ्याकडे बघत होते. कपातला चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"हं. लाव ना," ते म्हणाले. "सेल संपलेत का?"

काकींचे हात कानांवर होते तसेच राहिले. टेप चालूच होता. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काकींच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी वाकून टेपच्या काचेतून फिरणारी चकती बघितली. बराच वेळ बघितली. हळूच बोट पुढं करून त्यांनी आवाजाच्या जाळीवर ठेवलं, तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तसं.

"चालू आहे," ते म्हणाले.

मी बटण दाबून टेप बंद केला. मला रडू येत होतं.

"काय आहे त्यात?"

"झिणकी, सर. एकच. मी डोळ्यांनी बघून भरलीय."

सर उठले आणि भिंतीवरच्या तक्त्यापुढं जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. उतरत्या रेघेवरून त्यांचं बोट वरून खाली फिरलं, पुन्हा खालून वर गेलं. काकी पुटपुटल्या, "माका वाटला, माझोच आवाज वाढलो. वर्सावर्साक मीच मोठ्यान बोलाक लागलंय, माझा माकाच समाजला नाय."

सर वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. आयुष्यभराची मोजणी एका बटणात गेली. पण त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा उजळला होता.

"म्हणजे आहेत," ते म्हणाले. "घाटगे, आहेत गं त्या! सगळ्या आहेत! मी दरवर्षी त्यांचं सुतक धरत होतो, आणि त्या तिथंच होत्या!"

ते हसत होते आणि डोळे पुसत होते. काकींनी वालाची परडी बाजूला केली आणि पदर तोंडाला लावला. मीही रडले. पण खरं सांगते, त्या आनंदातही मी दिवस मोजत होते, कारण जनसुनावणी चार दिवसांवर आली होती.

त्या चार दिवसांत सर तो तक्ता घेऊन बसले होते. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, तुम्ही खोटं बोलू नका. नुसतं गप्प बसा. तक्ता आधीच दाखल केलाय. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय. मला कळलंय."

"पण सडा जाईल, सर. शाणूभाऊंचा झरा जाईल. आणि ज्या आहेत म्हणून तुम्हाला आनंद झाला त्याही जातील."

"जातील," ते म्हणाले. "खाण झाली तर जातीलच. पण मी काय सांगायला उभा राहतोय? शेजारच्या खाणीनं त्या कमी झाल्या म्हणून. तशा त्या झालेल्या नाहीत. जे मोजलं नाही ते मी कसं सांगू?"

"मग बाकीचं सांगा. झऱ्याचं सांगा."

"झरा मी कुठं मोजलाय?" ते चिडले. मग एकदम थकल्यासारखे झाले. "मोजायला हवा होता गं. एवढी वर्षं किडे मोजत त्याच्यावरून चालत गेलो. एक बादली लावायचं सुचलं नाही."

मी काकींकडे बघितलं. त्या हो किंवा नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी तिघांना भात वाढला आणि सरांच्या पानात तूप जरा जास्तच घातलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी शाणू दाराशी हजर. गावकरी सड्यावर जमले होते. तिथं एका खडकापाशी सड्याच्या राखणदाराचं ठिकाण होतं. कुठलंही मोठं काम काढलं की तिथं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही तिथली रीत. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं मोठ्यानं केलेली विनंती. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला एका आवाजात होकार भरायचा. सरांना शाणूनं अगदी पुढं, खडकाजवळ उभं केलं. मी मागं होते.

शाणूनं नारळावर हात ठेवला. एरवीचा त्याचा तिखटपणा कुठं गेला कोण जाणे.

"बा देवा राखणदारा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. तेंचो सडो तेंका ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आमच्या सरांनी इतकी वर्सां पावसात भिजान तुझी झिणकी मोजली. तेंच्या मोजणेक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे ओरडले. सरांचे ओठ हलले नाहीत. हे त्यांना ऐकू आलं होतं, माणसांचा जाड आवाज त्यांना नीट ऐकू यायचा. त्यांनी हात जोडलेले होते आणि डोळे उघडे होते.

"आणि काय चुकला माकला आसात, तर ता पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सर म्हणाले. एकटेच, सगळ्यांच्या थोडं आधी. शाणूनं त्यांच्याकडे वळून बघितलं, कौतुकानं.

दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात साहेब, कंपनीचे लोक आणि गाव जमलं. मुलांच्या बुटक्या बाकांवर म्हातारी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शाणू बोलला, चांगला बोलला. झऱ्याचं बोलला तेव्हा साहेबांनी पुन्हा तेच विचारलं आणि शाणूनं झोकात हात केला. "माझ्याकडे नोंद नाय. झिणकीची सरांकडे आसा. आता सर सांगतीत."

सर उठले. त्यांनी तक्ता हातात धरला, पण उघडला नाही.

"मी या सड्यावर एका किड्याची मोजणी करत आलो," ते म्हणाले. "माझ्या तक्त्यात तो कमी कमी होत गेलेला दिसतो. ही घट त्या किड्याची नाही. ती माझ्या कानांची आहे. वय झालं की बारीक आवाज आधी जातात. माझे गेले, मला कळलं नाही. या वर्षी तरुण कानांनी मोजलं. किडा भरपूर आहे."

वर्गात कुणालाच नीट समजलं नाही. साहेबांना समजलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे शेजारच्या खाणीचा परिणाम झालेला नाही?"

"झाल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण हा सडा कापला तर त्या राहणार नाहीत. त्यांना दुसरीकडे घर नाही."

"ते तुमचं मत झालं. मोजमाप?"

"नाही," सर म्हणाले. आणि खाली बसले.

कंपनीच्या माणसानं उठून सरांना हात जोडले. अगदी मनापासून जोडले, त्याचाच मला जास्त राग आला. मी शाणूकडे बघितलं. तो बसलेल्या जागी सरांकडे टक लावून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात गर्दीत मुलाचा हात सुटावा तसा तो दिसत होता. लोक उठायला लागले तसा तो सरांच्या समोर येऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "तुमका गप ऱ्हवाक काय झाला होता?"

शाणू थोडा वेळ थांबला आणि गेला. त्यानंतर त्यानं सरांच्या घरची पायरी चढली नाही.

खाण झाली. मी त्याआधीच कोकण सोडलं होतं. पुढं कोल्हापूरला कॉलेजात लागले, संसार झाला. काकींची पत्रं यायची. शाणूच्या वाडीचा झरा शिमग्यालाच आटायला लागला, मग दिवाळीनंतर, मग राहिलाच नाही. वाडीतल्या बायका टँकरची वाट बघत बसतात, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढं काकीच गेल्या. भेटायला गेले तेव्हा सर पडवीत एकटे होते. भिंतीवर तक्ता नव्हता, त्या जागी भिंतीचा रंग जरा गडद होता. कानामागं यंत्र होतं. मुलानं मुंबईहून आणून दिलं होतं.

"भांडी वाजतात, घाटगे," मला बघताच ते म्हणाले. "चिमणी ऐकू आली परवा. आता भाद्रपद आहे. मला सड्यावर घेऊन चल."

मी नको म्हटलं, पाय म्हटलं, पाऊस म्हटलं. त्यांनी छत्री काढली. चढण त्यांना एकट्याला जमणार नव्हती आणि मला एकटीला त्यांना सावरणं जमणार नव्हतं. मी वाडीत जाऊन शाणूला विचारलं. तो अंगणात काथ्या वळत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काथ्या खाली ठेवला आणि खुंटीवरचं इरलं उचललं.

सड्याचा पाऊण हिस्सा खड्डा झाला होता. तांबड्या चौकोनी पायऱ्या खोल उतरत गेल्या होत्या आणि तळाशी गढूळ पाणी होतं. कडेला एक पट्टी शिल्लक होती, तिच्यावर थोडं गवत. तिथं चुन्याची एकही खूण नव्हती. शाणूनं सरांचा हात धरून त्यांना त्या पट्टीवर उभं केलं. सूर्य बुडाला. सरांनी डोळे मिटले.

काहीही नव्हतं. मी जीव गोळा करून ऐकत होते. दूर कुठं तरी बेडूक होता, खड्ड्यात पाणी ठिबकत होतं. बस्स.

सरांनी कानामागं हात नेला आणि यंत्राचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि त्या यंत्रानं, ती यंत्रं कधी कधी करतात तशी, बारीक शिट्टी धरली.

सरांचा चेहरा उजळला.

"एक," ते म्हणाले. "घाटगे! एक आहे! ऐकलंस?"

शिट्टी त्यांच्या कानातून येत होती. मला ती स्वच्छ ऐकू येत होती, आणि शाणूलाही. तेव्हा शाणू पुढं झाला आणि सरांच्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणाला, "व्हय सर. एक आसा. त्या गवतात बोलता हा."

त्या सुनावणीनंतर तो सरांशी बोललेले हे पहिले शब्द होते.

सरांनी त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्यांनी हात वर नेला, यंत्र कानातून काढलं आणि तळहातावर घेतलं. तिथं ते शिट्टी घालत राहिलं. नखानं त्यांनी त्याची कळ दाबली.

"आता?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं आणि कानात बसवलं. दोनदा हात चुकला. शाणूचे डोळे भरून आले होते, तरी तो हट्टानं म्हणाला, "सर, आत्ताच गप झाली ती. माणसां इली की गप होतत."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"होय रे, शाणू," ते म्हणाले. "घाटगे, शून्य लिही."